विश्लेषण : पहिल्याच सामन्यात खेळाडूचा निकाल? रायगडच्या किनाऱ्यावर कबड्डी हंगामाची सुरुवात एवढी का तापते?

दिवाळी सरली आणि भातकापणी आटोपली की उरण, पेण, अलिबागपासून मुरूड, रोहा, श्रीवर्धनपर्यंत गावोगावी कबड्डीची मैदाने आखली जातात. प्रकाशझोताचे खांब उभे राहतात, ध्वनिक्षेपक लागतो आणि पहिल्या आठवड्यातच निकालही लागू लागतात. हे निकाल सामन्यांचेच नसतात, खेळाडूंचेही असतात. ‘हा पोरगा यंदा संपला’, ‘तो जिल्ह्याच्या संघात गेलाच म्हणून समजा’, ‘बाहेरचे आणले म्हणून हरलो’ अशी मते मध्यरात्रीपर्यंत मैदानाभोवती आणि नंतर मोबाइलवर फिरत राहतात. या मतांना कितपत आधार असतो? त्यांचा परिणाम कोणावर होतो? आणि हंगामाच्या सुरुवातीचे सामने पाहताना नेमके काय पाहावे?

हंगाम नेमका कधी सुरू होतो?

रायगडच्या किनारपट्टीवर जून ते सप्टेंबर मैदानात खेळणे शक्य नसते. मातीचे मैदान पावसात राहत नाही आणि मॅट अंथरायला बंदिस्त सभागृह मोजक्याच ठिकाणी असते. पावसानंतर लगेच भाताची कापणी आणि झोडणी येते. शेतकरी घरांतील मुले तेव्हा शेतात असतात. कोळीवाड्यांतील मुलांचे वेळापत्रक आणखी वेगळे. १ जून ते ३१ जुलै ही पावसाळी मासेमारी बंदी संपली की बोटी समुद्रात जातात आणि अनेक तरुण त्यांच्याबरोबर असतात. उरलेले तरुण कंपन्यांत, बंदराच्या कामांवर किंवा कंत्राटी नोकऱ्यांत पाळ्या करतात.

त्यामुळे सरावाला खरी सुरुवात कार्तिक महिन्यात होते. याच सुमारास वरसोलीच्या विठोबाची आणि पुढे मार्गशीर्षात चौलच्या दत्ताची यात्रा येते. गावात पाहुणे असतात, हाती थोडा पैसा असतो, रात्री सुखद असतात. ‘निमंत्रित’ आणि ‘खुल्या’ स्पर्धांना हाच काळ सोयीचा. म्हणजे प्रेक्षक पूर्ण तयारीत असतात, तेव्हा खेळाडू जेमतेम दोन-तीन आठवड्यांचा सराव करून मैदानात उतरलेले असतात. प्रतिक्रिया आणि वस्तुस्थिती यांच्यातली पहिली तफावत इथूनच सुरू होते.

प्रतिक्रिया इतक्या तीव्र का असतात?

कारण इथे संघ म्हणजे गाव. मंडळाचे नाव ग्रामदैवतावरून किंवा आळीवरून पडलेले असते. चढाईला जाणारा कोणाचा तरी भाचा असतो, कोपऱ्यात उभा असलेला कोणाचा तरी शेजारी. शहरातला चाहता संघ बदलू शकतो, इथला बदलू शकत नाही. पराभव झाला की दुसऱ्या दिवशी बाजारात, एसटीत, कंपनीच्या कँटीनमध्ये शेजारच्या गावातला माणूस भेटतोच.

दुसरे कारण जिल्ह्याच्या परंपरेत आहे. रायगडमध्ये कबड्डी ही पिढ्यान्‌पिढ्यांची गोष्ट आहे. जानेवारी २०१९ मध्ये पुरुषांची ६६वी राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा रोह्यात झाली. देशातील अव्वल खेळाडू तालुक्याच्या गावी आले आणि अंतिम फेरीत रेल्वेने सेनादलाला नमवले. हे सामने पाहिलेल्या प्रेक्षकाला खेळ कळतो. चढाईपटूचा पाय निदान रेषेपलीकडे गेला की नाही, हे तो पंचाआधी सांगतो. मात्र खेळ कळणे वेगळे आणि खेळाडूची क्षमता एका रात्रीत जोखणे वेगळे.

तिसरे कारण थेट प्रक्षेपणाचे. आता लहानशा स्पर्धेचेही सामने यूट्यूबवर दिसतात. मुंबईत, सुरतेत किंवा आखातात नोकरीला असलेला गावकरी ते रात्री मोबाइलवर पाहतो. सामन्याचे ४० सेकंदांचे तुकडे कापून व्हॉट्सअ‍ॅप गटांवर टाकले जातात. हे तुकडे पाहणाऱ्याने सामना पाहिलेला नसतो, पण मत त्याचेही तितकेच ठाम असते.

लहान महाविद्यालयांचे गणित वेगळे कसे?

गावच्या मंडळांबरोबरच हंगामाच्या सुरुवातीला महाविद्यालयांचे सामनेही होतात. रायगड जिल्ह्यातील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत येतात आणि विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा विभागवार घेतल्या जातात. तिथून विद्यापीठाचा संघ निवडला जातो आणि पुढे पश्चिम विभाग आंतरविद्यापीठ व अखिल भारतीय आंतरविद्यापीठ स्पर्धांची वाट खुली होते. खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धांतही कबड्डी आहे.

किनाऱ्यावरच्या लहान महाविद्यालयाची अडचण संख्येची असते. संघात १२ खेळाडू लागतात, मैदानात ७ उतरतात. शहरातील मोठे महाविद्यालय खेळाच्या कोट्यातून चांगले खेळाडू प्रवेशालाच निवडून घेते. तालुक्याच्या महाविद्यालयाला प्रवेश घेतलेल्या मुलांतूनच संघ उभा करावा लागतो. दोन चांगले चढाईपटू मिळाले तरी कोपरारक्षकाची जोडी मिळेलच असे नाही. तिसऱ्या वर्षातले तिघे पदवी घेऊन गेले की पुढच्या वर्षी संघ जवळपास नवाच असतो. बाहेरगावहून येणाऱ्या मुलांना सरावानंतर शेवटची एसटी गाठायची असते, तो प्रश्न वेगळाच.

अशा संघाने पहिल्या सामन्यात मोठ्या महाविद्यालयाकडून २० गुणांनी मार खाल्ला, तर त्यातून ‘आपल्याकडे आता कबड्डी राहिली नाही’ असा निष्कर्ष काढला जातो. प्रत्यक्षात तिथे तीन वर्षे एकत्र खेळलेल्या संघाची गाठ तीन आठवडे एकत्र खेळलेल्या संघाशी पडलेली असते. उलट लहान महाविद्यालयाने एखादा मोठा संघ हरवला, तर त्याच मुलांकडून पुढच्या प्रत्येक सामन्यात तशाच खेळाची अपेक्षा होऊ लागते. दोन्ही प्रतिक्रिया एका सामन्यावर बेतलेल्या असतात.

एका सामन्यातून किती कळते?

याचे उत्तर साध्या गणिताने देता येते. समजा, एखादा चढाईपटू सरासरी दोनपैकी एका चढाईत गुण आणतो. म्हणजे तो उत्तमच म्हणायचा. अशा खेळाडूने एका सामन्यात १२ चढाया केल्या, तर त्यातील ४ किंवा त्याहून कमी चढाया यशस्वी होण्याची शक्यता सुमारे १९ टक्के असते. त्याचा खेळ तसूभरही न बिघडता, निव्वळ योगायोगाने, दर पाच सामन्यांत जवळपास एक सामना त्याला ‘अपयशी’ ठरवून जाईल. हा सामना नेमका हंगामातला पहिला असला, तर त्याच्यावर शिक्का बसतो.

हाच खेळाडू पाच सामने खेळला आणि ६० चढायांत त्याला २० किंवा त्याहून कमी वेळा यश आले, तर मात्र काहीतरी बिनसले आहे असे म्हणायला जागा आहे. केवळ योगायोगाने तसे घडण्याची शक्यता १ टक्क्याहूनही कमी आहे. म्हणजे पाच सामने थांबलेल्या प्रेक्षकाचे मत पहिल्याच रात्री बोलणाऱ्यापेक्षा कितीतरी भरवशाचे असते.

संघांनाही हेच लागू होते. गावच्या बहुतेक स्पर्धा बाद पद्धतीच्या असतात. १६ संघांच्या स्पर्धेत विजेतेपदासाठी सलग चार सामने जिंकावे लागतात. एखादा संघ इतरांपेक्षा स्पष्टपणे सरस आहे आणि प्रत्येक सामना जिंकण्याची त्याची शक्यता ६० टक्के आहे असे मानले, तरी चारही सामने जिंकण्याची शक्यता जेमतेम १३ टक्के भरते. बलवान संघ दहापैकी आठ-नऊ स्पर्धांत कुठेतरी अडखळणारच. त्यामागे ‘कोणीतरी सामना सोडला’ असा संशय घेण्याचे कारण बहुतेक वेळा नसते.

याच्या तुलनेत साखळी पद्धतीत चुका आणि योगायोग भरून निघतात. प्रो कबड्डी लीगच्या ११व्या पर्वात १२ संघ होते आणि साखळी फेरीत प्रत्येक संघाला २२ सामने मिळाले. पहिले तीन सामने गमावलेल्या संघालाही तिथे सावरायला वेळ असतो. गावच्या स्पर्धेत पहिला पराभव म्हणजे घरचा रस्ता.

चाहत्यांना मैदानात काय दिसत नाही?

सर्वात जास्त हुर्यो उडते ती रिकाम्या हाताने परतणाऱ्या चढाईपटूची. मात्र प्रत्येक निष्फळ चढाई वाया गेलेली नसते. सध्याच्या नियमानुसार एखाद्या संघाच्या सलग दोन चढाया निष्फळ गेल्या, तर तिसऱ्या चढाईत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद होतो. आघाडीवर असलेला संघ पहिल्या दोन चढायांत धोका टाळून निदान रेषा ओलांडून परततो आणि ३०-३० सेकंद खातो. तिसऱ्या चढाईसाठी मुख्य चढाईपटू राखून ठेवला जातो. प्रेक्षकाला हा भित्रेपणा वाटतो. प्रशिक्षकाने ते सांगितलेले असते.

दुसरी गोष्ट बाहेर बसण्याची. बाद झालेला चढाईपटू स्वतःच्या बळावर परत येऊ शकत नाही. संघातील दुसऱ्या कोणी गडी बाद केला किंवा पकड केली, तरच बाद झालेल्यांच्या क्रमाने तो मैदानात येतो. बोनस गुणाने कोणी जिवंत होत नाही. बचाव ढिला असेल, तर संघाचा सर्वोत्तम चढाईपटू ४० मिनिटांच्या सामन्यातील बराच वेळ बाकावर काढतो. गुणपत्रकात त्याच्या नावापुढे ३ गुण दिसतात आणि दोष त्याच्या माथी येतो. खरा प्रश्न कोपऱ्यात असतो.

तिसरी गोष्ट साखळीची. बचावपटू हातात हात धरून साखळी करतात. कोणी आधी झेप घ्यायची, कोणी मागून टेकू द्यायचा, हे महिनोन्‌महिने एकत्र खेळल्याशिवाय जमत नाही. नव्या हंगामात, विशेषतः बाहेरचे दोन-तीन खेळाडू घेतलेल्या संघात, बचाव सर्वात उशिरा बसतो. म्हणूनच सुरुवातीच्या सामन्यांत चढायांचे गुण अधिक दिसतात आणि एखादा नवखा चढाईपटू अचानक चमकतो. हंगाम पुढे सरकून बचाव सावरला की त्याच्या गुणांना ओहोटी लागते. त्याचा खेळ घसरला असे नसते, समोरचे सुधारलेले असतात.

मैदानाचाही वाटा मोठा आहे. मातीवर अनवाणी खेळणारा खेळाडू मॅटवर बूट घालून उतरला की त्याच्या पायांचा वेग आणि वळण बदलते. किनाऱ्यावर रात्री दव पडते. त्या मॅटवर दहा वाजता खेळलेला सामना आणि पहाटे दोनला खेळलेला सामना सारखा नसतो.

मोठ्या संघांच्या बाबतीत काय घडले?

सुरुवातीच्या निकालाने फसगत होण्याचे सर्वात ठळक उदाहरण भारतीय संघाचेच आहे. ७ ऑक्टोबर २०१६ रोजी अहमदाबादमध्ये विश्वचषकाच्या पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने यजमान भारताला ३४-३२ असे हरवले. अनुप कुमारच्या नेतृत्वाखालील संघावर टीका झाली. दोन आठवड्यांनी, २२ ऑक्टोबरला, याच संघाने अंतिम सामन्यात इराणला ३८-२९ असे नमवून विश्वचषक जिंकला.

याची दुसरी बाजूही आहे. २०१८च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत भारत पुन्हा साखळीत दक्षिण कोरियाकडून एका गुणाने हरला. ‘२०१६सारखे सावरतील’ अशी आशा अनेकांना होती. मात्र उपांत्य फेरीत इराणने भारताला बाहेर काढले. म्हणजे पहिल्या पराभवाकडे पूर्ण दुर्लक्ष करणेही योग्य नाही. तो इशारा असू शकतो. एका सामन्यावरून इशारा कोणता आणि योगायोग कोणता, हे सांगता येत नाही, इतकेच.

लहान महाविद्यालयांच्या खेळाभोवती अमेरिकेत मोठी चाहतेसंस्कृती आहे. तिथे महाविद्यालयीन बास्केटबॉलचा हंगाम नोव्हेंबरच्या सुरुवातीला उघडतो आणि पहिल्या पंधरवड्यातच संघांबद्दल ठाम मते बनतात. तिसऱ्या श्रेणीतील महाविद्यालये तर खेळाडूंना क्रीडा शिष्यवृत्तीही देत नाहीत. त्यांचे खेळाडू अलिबाग किंवा मुरूडच्या मुलांसारखेच अभ्यास सांभाळून खेळतात.

या खेळातला सर्वात गाजलेला धक्का हवाईमध्ये बसला. २३ डिसेंबर १९८२ रोजी होनोलुलूतील चॅमिनेड या छोट्या महाविद्यालयाने देशात अव्वल मानल्या जाणाऱ्या व्हर्जिनिया विद्यापीठाला ७७-७२ असे हरवले. व्हर्जिनियाकडे राल्फ सॅम्पसनसारखा सव्वासात फुटांहून उंच खेळाडू होता. हा निकाल आजही सांगितला जातो. तरीही त्यामुळे व्हर्जिनिया दुबळा ठरला नाही. त्याच हंगामात तो संघ राष्ट्रीय स्पर्धेच्या अखेरच्या आठ संघांत पोहोचला आणि त्याला बाहेर काढणारा नॉर्थ कॅरोलायना स्टेटचा संघ पुढे विजेता झाला. चॅमिनेडच्या मुलांना मात्र त्या एका रात्रीने आयुष्यभराची ओळख दिली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत.

प्रो कबड्डीने चाहत्यांची नजर कशी बदलली?

२६ जुलै २०१४ रोजी प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि हा खेळ रोज रात्री घरात दिसू लागला. त्याचा फायदा गावालाही झाला. मुलांना खेळात पैसा दिसला, मॅट आल्या, ‘अव्वल पकड’ आणि ‘तिसरी चढाई’ हे शब्द लहान मुलांच्या तोंडी बसले. महाराष्ट्राच्या अस्लम इनामदार आणि आकाश शिंदे यांनी हांगझो आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक विजेत्या भारतीय संघात स्थान मिळवले. अस्लमच्याच नेतृत्वाखाली पुणेरी पलटणने लीगचे १०वे पर्व जिंकले. ग्रामीण मुलालाही हा मार्ग खुला आहे, हे त्यातून दिसले.

तोटा तुलनेचा झाला. लीगचे खेळाडू महिनोन्‌महिने शिबिरात असतात. त्यांच्यामागे आहारतज्ज्ञ, फिजिओ, प्रतिस्पर्ध्याच्या चढायांचे चित्रण पाहणारे विश्लेषक असतात. दिवसभर कंपनीत उभा राहून रात्री अकराला मैदानात उतरणाऱ्या मुलाची तुलना त्यांच्याशी होऊ लागली.

शिवाय लीगचे महिने बदलत राहिले. १०वे पर्व डिसेंबर २०२३ ते मार्च २०२४ असे चालले, तर ११वे ऑक्टोबर ते डिसेंबर २०२४ मध्ये झाले. म्हणजे गावचा हंगाम सुरू होण्याच्या नेमक्या काळात टीव्हीवरही कबड्डी होती. रात्री आठला लीगचा सामना पाहून दहाला मैदानावर आलेला प्रेक्षक त्याच मापाने गावच्या पोरांना मोजतो.

पंचांवर राग का निघतो?

सुरुवातीच्या सामन्यांत सर्वाधिक वाद स्पर्शाचे आणि रेषेचे होतात. लीगमध्ये संघाला निर्णयाची फेरतपासणी मागता येते, वेगवेगळ्या कोनांतून चित्रण पाहता येते. गावच्या मैदानात सरपंच, दोन पंच आणि गुणलेखक यांच्या डोळ्यांवर सारे अवलंबून असते. प्रेक्षक रेषेला खेटून बसलेले असतात. पंचाला जे दिसले नाही ते मोबाइलच्या कॅमेऱ्यात दिसते आणि दुसऱ्या दिवशी त्याच्यावर पक्षपाताचा आरोप होतो.

नियमांचा गोंधळ सर्वोच्च पातळीवरही होतो, हे इथे लक्षात घ्यायला हवे. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोमध्ये भारत-इराण अंतिम सामना २८-२८ असा बरोबरीत असताना पवन सेहरावत स्पर्श न होता राखीव क्षेत्रात गेला आणि इराणचे बचावपटू त्याच्यामागे गेले. गुण कोणाला द्यायचे, यावर निर्णय वारंवार बदलले. सामना जवळपास तासभर खोळंबला. अखेर भारताने तो ३३-२९ असा जिंकला. चित्रण, तांत्रिक अधिकारी आणि नियमपुस्तक हाताशी असताना हे घडते, तर रात्री एक वाजता एकट्या पंचाने केलेली चूक बेइमानी ठरवण्याआधी थांबायला हवे. पंचांना घेराव घातला जातो तिथे पुढच्या वर्षी अनुभवी पंच जायला कचरतात आणि स्पर्धेचा दर्जा आणखी खाली येतो.

खेळाडूंच्या पदरी काय पडते?

बाहेरून हे सारे गावची गंमत वाटते. आत शिरल्यावर ते कोणाच्या तरी पोटाशी येऊन थांबते. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी ठरावीक पातळीवरच्या स्पर्धेतील कामगिरी लागते. तिथे पोहोचण्याची पायरी म्हणजे जिल्हा निवड चाचणी, मग राज्य अजिंक्यपद, मग राज्याचा संघ. रेल्वे, पोलीस, बँका आणि मोठ्या कंपन्यांच्या संघांनी अनेक कबड्डीपटूंना नोकऱ्या दिल्या आहेत. किनाऱ्यावरील कित्येक घरांसाठी मुलाची कबड्डी ही पक्क्या पगाराकडे जाणारी वाट आहे.

या वाटेवर हंगामाच्या सुरुवातीची बोलणी अडथळा ठरू शकतात. ज्याच्याबद्दल पहिल्या आठवड्यात वाईट बोलले गेले, त्याला पुढच्या निमंत्रित स्पर्धेत मंडळ बाकावर बसवते. सामने कमी मिळतात, म्हणून निवडकर्त्यांच्या नजरेसमोर येण्याची संधीही कमी होते. उलट, पहिल्या आठवड्यात गाजलेल्या मुलाला रोज वेगवेगळ्या मैदानात उतरवले जाते. सलग रात्री खेळून गुडघा किंवा घोटा दुखावला तरी ‘एवढा एक सामना काढ’ म्हणून त्याला उभे केले जाते. अपुऱ्या सरावाच्या शरीरावर हा ताण सर्वाधिक धोक्याचा असतो. गुडघ्याचा अस्थिबंध तुटला, तर शस्त्रक्रिया आणि त्यानंतरचे कित्येक महिने यांचा खर्च कुटुंबाच्या माथी येतो. तोपर्यंत टाळ्या वाजवणारे दुसऱ्या खेळाडूकडे वळलेले असतात.

मुलींच्या संघांची स्थिती आणखी नाजूक असते. त्यांचे सामने संख्येने कमी, वेळ बहुधा गैरसोयीची आणि मोबाइलवर येणारे शेरे खेळाबद्दल असतातच असे नाही. पहिल्याच सामन्यानंतर आलेली एखादी घाणेरडी टिप्पणी घरच्यांनी वाचली, तर मुलीचा सराव बंद होऊ शकतो. मुलाला एका वाईट रात्रीनंतर दुसरी संधी मिळते. मुलीला ती मिळेलच याची खात्री नसते.

मग चाहत्यांनी बोलूच नये का?

तसे मुळीच नाही. या खेळाला इथे जिवंत ठेवले आहे ते चाहत्यांनीच. वर्गणी तेच देतात, मैदानाला माती तेच टाकतात, बाहेरगावच्या संघांना जेवण त्यांच्याच घरून जाते. हजार माणसांचा आरडाओरडा नसेल, तर अखेरच्या मिनिटाला चढाईला जाण्याचे धैर्य मुले शिकणार कुठे? टीका हाही त्या नात्याचाच भाग आहे. प्रश्न टीका कशावर करायची आणि कधी करायची, हा आहे.

हंगामाच्या सुरुवातीच्या सामन्यांतून गुणफलकापेक्षा भरवशाच्या काही गोष्टी नक्की कळतात. उत्तरार्धातल्या शेवटच्या दहा मिनिटांत खेळाडूचे पाय चालतात का, यावरून त्याची तयारी कळते. समोर सहा किंवा सात बचावपटू असताना तो बोनसचा प्रयत्न करतो का, यावरून त्याची समज कळते. तीनच गडी उरल्यावर संघ घाईने झेपावतो की अव्वल पकडीची वाट पाहतो, यावरून प्रशिक्षकाचे काम कळते. बाद दिल्यावर खेळाडू वाद घालतो की गुपचूप बाहेर जातो, हेही दिसते. हिरवे, पिवळे कार्ड कोणाला वारंवार मिळते, याची नोंद कोणीही ठेवू शकतो. या गोष्टी योगायोगावर फारशा अवलंबून नसतात आणि एका सामन्यातही दिसतात.

आयोजकांनाही काही करता येईल. बाद फेरीऐवजी सुरुवातीला तीन-तीन किंवा चार-चार संघांचे गट केले, तर प्रत्येक संघाला किमान दोन-तीन सामने मिळतील. सामने मध्यरात्रीच्या आत संपवले, तर दव आणि थकवा दोन्ही टळतील. थेट प्रक्षेपणाखालच्या शेऱ्यांवर लक्ष ठेवायला एक माणूस नेमणे खर्चाचे नाही. मैदानाशेजारी प्रथमोपचार आणि रुग्णवाहिकेची सोय, खेळाडूंचा अपघात विमा या गोष्टींवर चषकाच्या उंचीपेक्षा अधिक पैसा खर्च होणे योग्य ठरेल. मंडळांनी दर सामन्याचे साधे गुणपत्रक जपले, म्हणजे कोणी किती चढाया केल्या, किती यशस्वी झाल्या, किती पकडी केल्या एवढे लिहून ठेवले, तरी जानेवारीत निवड करताना नोव्हेंबरातल्या एका रात्रीच्या आठवणीवर विसंबावे लागणार नाही.

किनाऱ्यावरचा हंगाम उन्हाळ्यापर्यंत चालतो. तोवर प्रत्येक संघ कुठे ना कुठे हरतो आणि प्रत्येक खेळाडूची एक तरी चढाई फसते. पहिल्या आठवड्यात ज्याला गावाने मोडीत काढले, त्यालाच फेब्रुवारीत खांद्यावर घेण्याची वेळ अनेकदा येते. त्या वेळेपर्यंत तो मुलगा खेळात टिकून राहिलेला असणे, हे बऱ्याच अंशी मैदानाभोवती बसलेल्यांच्या हाती आहे.